येसराच्या चालीवर

माझ्या गोडाउनात भांडी भाड्याने न्यायला येणारा माणूस पातेल्यात डोकावतो, बुड बघतो, कान मोडलेत का ते बघतो आणि शेवटी भाडं कमी करा म्हणतो. भानूभाऊने यातलं काहीच केलं नाही. तो आला, पातेल्यांच्या उतरंडीपुढे उभा राहिला आणि खिशातून पळी काढली. हो, हा माणूस सदऱ्याच्या खिशात पळी घेऊन हिंडायचा, इतर माणसं पेन घेऊन हिंडतात तशी. मग एकेका पातेल्यावर टणकन पळी मारून, डोळे मिटून तो ऐकायला लागला.

"हे चालंल. हे बी चालंल. हे… न्हाई. हे बेसूर हाय."

मी म्हटलं, "भाऊ, तुम्हाले वरण शिजवायचं हाय का पातेल्यावर गानं म्हनायचं हाय?"

"दोन्ही," तो म्हणाला, आणि पुढच्या पातेल्याकडे वळलासुद्धा.

माझी सगळ्यात मोठी कढई, जिच्यात अर्ध्या नांदुऱ्याची लग्नं तळून निघाली आहेत, तिच्यावर त्याने पळी मारली आणि बिऱ्हाडात मयत झाल्यासारखा चेहरा केला. "हिचा सा गेलाय," म्हणाला. आता इथे मी सांगायला हवं की त्या कढईला पुढे कधी चीर गेली नाही, ती गळली नाही, आजही तिच्यात जिलबी निघते. भानूभाऊ साफ चुकला होता. पण त्याने तिला जन्मात हात लावला नाही. वाटेत ती दिसली तर रुसलेल्या मेहुण्याला टाळावं तसा तिला वळसा घालून जायचा.

असा हा भानुदास आचारी. नांदुऱ्यात तीस वर्षं राहिला तरी सगळे त्याला 'घाटावरचा' म्हणत. तुम्ही बाहेरचे असाल तर सांगतो, आमचा बुलडाणा जिल्हा नकाशावर एक आहे, पण मधून घाट गेलाय आणि घाटाने जिल्ह्याचे दोन देश केलेत. वर दक्षिणेला मेहकर, जानेफळ, थेट जालन्याच्या शिवेपर्यंत घाटावरचे. खाली आम्ही घाटाखालचे. वरचे म्हणे उन्हाळ्यातही पहाटे पांघरूण ओढतात. आमच्याकडे सकाळी पापड वाळत घातला की दुपारी भाजलेलाच उचलायचा. त्यात नांदुरा म्हणजे रेल्वेचं गाव. इथल्या प्रत्येक माणसाला गाडी पकडायची असते. ज्याला कुठेच जायचं नाही, तोसुद्धा गाडी चुकेल अशा चेहऱ्याने चहा पितो. आमचं भजनी मंडळ तर आरती अशी धरतं की देवाला आशीर्वादासाठी हात उचलायला सवड मिळत नाही.

अशा गावात भानूभाऊ जावई म्हणून उतरला. सासऱ्याचा खानावळीचा धंदा होता, पाठीमागे मुलगा नव्हता, म्हणून लग्नानंतर इथेच राहिला. त्याचा बाप घाटावर जानेफळच्या बाजूला शेती करायचा आणि पखवाज वाजवायचा. शेती नावाला, पखवाज गावाला. कुठे सप्ता लागला की बाप पखवाज गळ्यात अडकवून चालू पडायचा आणि पिकाची आठवण आली की परत यायचा. आई घरी राहून जात्यावर दळायची आणि गाणी म्हणायची. पंचक्रोशीत कुणाचं लग्न निघालं की येसर करायला तिला बोलावणं यायचं.

"हात मायचे आन् पाय बापाचे," भानूभाऊ सांगायचा. "मधला मी कुठं हाय, ते अजून सापडायचंय."

ते सापडेपर्यंत तो एका जागी थांबणार नव्हता. त्याला बसलेला कुणी पाहिला नव्हता. जेवायचा उभ्याने. दाढी करताना न्हावी त्याच्याभोवती फिरायचा नाही, तोच खुर्चीतून उठून न्हाव्याभोवती फिरायचा. हात कढईत असले की पायाला बाहेरचा ठेका ऐकू यायचा. एकदा एका लग्नात बुंदी तेलात सोडली आणि रस्त्यावरून वरात निघाली. ढोलवाला मात्रा खात होता. भानूभाऊ झारा टाकून निघाला, ढोलवाल्याला समजावत समजावत रेल्वे फाटकापर्यंत गेला, फाटक बंद होतं म्हणून तिथेच उभं राहून त्याच्याकडून तीनदा घोटून घेतलं. परत आला तोवर बुंदीचे मिरे झाले होते. ते त्याने फेकले नाहीत, गूळ घालून लाडू वळले आणि पंगतीत "हे आमच्या घाटावरचे काळे लाडू" म्हणून वाढले. लोकांनी कौतुकाने घरी नेले. मी स्वतः दोन नेले.

उलटंही व्हायचं. भजनात पखवाजावर बसवला तर नाक कामाला लागायचं. एकदा ऐन अभंगाच्या मध्यावर हा उठला, देवळाबाहेर पडला, दोन गल्ल्या ओलांडून एका अनोळखी घरात शिरला आणि आत फोडणी देणाऱ्या बाईंना म्हणाला, "वहिनी, गॅस बारीक करा, मोहरी जळायलीय." बाई किंचाळल्या. त्यांचा नवरा काठी घेऊन आला. भानूभाऊने आधी गॅस बारीक केला, मग पळाला.

त्याची बोलीही आमच्याहून निराळी. 'का' विचारायला आम्ही 'काऊन' म्हणू तिथे तो 'कामून' म्हणायचा. आम्ही 'येऊन राह्यलो' म्हणू, तो 'येयलो' म्हणून मोकळा. मला नेहमी वाटायचं, की आम्ही घाटाखालचे बोलताना शब्द लांबवतो आणि गाताना पळतो. त्याचं बरोबर उलटं. बोलणं आखूड, गाणं लांब. त्याची लय घाटावर ठरली होती आणि ती घाट उतरताना त्याने सांडू दिली नव्हती.

आणि इथेच सगळी गोम होती, कारण भानूभाऊ गाण्यावर स्वयंपाक करायचा. घड्याळ त्याला कळत नव्हतं असं नाही, पण घड्याळाला चव नसते असं त्याचं मत. वरणाला दोन गौळणी. भाताला एक लांबलचक अभंग, शेवटचं चरण झालं की झाकण काढायचं. वांग्याच्या भाजीला एक भारूड, त्यातही मधे संवाद आले की ढवळायचं. हे सगळं त्याच्या आईचं. तिच्या चुलीपाशी घड्याळ नव्हतं, गळा होता. त्याचे हाताखालचे सगळे आचारी असेच तयार झालेले. कनातीमागून कोणतं गाणं येतंय यावरून आम्हाला पंगतीला किती वेळ आहे ते कळायचं.

या सगळ्यात येसर म्हणजे राजा. घाटावर येसराशिवाय लग्न लागत नाही. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ आणि सगळा मसाला वेगवेगळा खरपूस भाजून एकत्र दळायचा, ते येसर. ते पाण्यात कालवून फोडणीला घालायचं आणि उकळत ठेवायचं, की झाली आमटी. वाचताना सोपं वाटतं. पण येसर कमी उकळलं तर कच्चं पीठ घशात बसतं आणि पाहुणा भिंतीला पोस्टर लावायची खळ प्याल्यासारखा चेहरा करतो. पुरतं उकळलं तर वर लाल तवंग येतो, आणि वास असा सुटतो की मेलेला माणूस तिरडीवरून हात पुढे करून वाटी मागेल. येसराला त्याच्या आईची एक ओवी होती, चांगली सात-आठ कडव्यांची. ती संपली की आमटी झाली. सुरुवात अशी:

घाट चढते चढते, बाई, दम लागू दे
मायेच्या येसराला थोडा वेळ लागू दे

आता भानूभाऊचा उजवा हात म्हणजे गजू. भरघोस मिशांचा, दोन लेकरांचा बाप, पक्का नांदुऱ्याचा. हाताला गोडी होती, आवाजही होता, फक्त लय रेल्वेची. भानूभाऊची दोन गौळणींची डाळ गजू दोन गौळणींतच उतरवायचा, पण त्या गौळणी अशा सुटायच्या की यमुनेच्या काठी पोचायच्या आधी मथुरा मागे पडलेली. डाळ मग दातांना टक्कर द्यायची.

"भाऊ, मी त तुमचंच गानं म्हनलो ना!" गजू म्हणायचा.

"गाणं माझं हाय रे, पण धाव तुझी हाय."

हे असं चालत होतं आणि चाललंही असतं. मग कांचनचं लग्न ठरलं.

कांचन भानूभाऊची एकुलती लेक. जन्म नांदुऱ्याचा, बोली आईची म्हणजे आमची, नाक मात्र बापाचं. सोनाळ्याचं स्थळ आलं, मोठं शेतकरी घर, मुलगा समजूतदार. साखरपुडा भानूभाऊच्या दारात. मंडप माझा, माईक माझा, आणि पाहुण्यांसाठी भानूभाऊने ठरवलं होतं येसर. आईची ओवी म्हणत त्याने स्वतः आमटी चढवली. तीन कडवी झाली असतील, तेवढ्यात नवऱ्याकडच्या पोरांनी आणलेला डीजे सुरू झाला.

त्या डीजेच्या ठेक्यात काहीतरी खोट होती म्हणे. मला कळली नाही, मला फक्त छातीत धडधड कळली. भानूभाऊने पळी गजूच्या हातात दिली, "पुढचं तू म्हण," म्हणाला आणि गेला. डीजेवाल्या पोराकडे ढोल नव्हता, लॅपटॉप होता. भानूभाऊ पोरावर वेळ न दवडता लॅपटॉपलाच समजावत होता, "तिसऱ्या मात्रेला दम खा. दम खा की!"

इकडे मंडपात व्याहीभेटीची वेळ झाली. सोनाळ्याचे व्याही, धिप्पाड माणूस, डोक्यावर फेटा, हातात शेला-नारळ, दोन्ही हात पसरून उभे. समोर कुणी नाही. "भानुदासराव कुठी गेले?" सगळे एकमेकांकडे बघतायत. एक जण म्हणाला, "व्याही पयाला काय बे?" हशा पिकला. व्याह्यांचे हात हवेत. किती वेळ हवेत ठेवणार? शेवटी त्यांनी समोर जो दिसला त्याला मिठी मारली. समोर मी होतो, खांबाची दोरी आवळत. मला शेला मिळाला, नारळ मिळाला आणि बरगड्या आठवडाभर दुखल्या. फोटोवाल्यानेही फोटो काढला. कांचनच्या साखरपुड्याच्या अल्बममध्ये व्याही म्हणून आजही मीच आहे.

एवढ्यावर भागलं असतं. पण जेवायला बसले आणि येसराची आमटी वाढली गेली. गजूने उरलेली कडवी घाटाखालच्या वेगाने उरकली होती. व्याह्यांनी एक भुरका घेतला, वाटी खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, "काऊन हो, हे भाजी होय का पिठाचं पानी?"

कुणीतरी हसलं. मग सगळे हसले. नवऱ्याकडची एक बाई म्हणाली, "घाटावर असंच खातेत वाटते बाप्पा. आता आपल्या घरीबी सून हेच पाजन का?"

हे कांचनने ऐकलं. डोळ्यांत पाणी आणलं नाही, ताट वाढत राहिली. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी खांब उपटत होतो तेव्हा तिने बापाला अंगणात गाठलं.

"बाबा, लग्नात तुम्ही बसाचं."

"बसंन की."

"तसं नाही. मांडवात आले का खुर्चीवर बसाचं ते अक्षता पडेपर्यंत उठाचं नाही. चुलीकडे नाही, बँडाकडे नाही, कुठीच नाही. त्यायनं हात पसरले त त्यायच्या हातात मले माहा बाप पाहिजे." मग माझ्याकडे बोट दाखवून, "हे नाही पाहिजेत."

मला वाईट वाटलं, पण तिचं म्हणणं रास्त होतं.

भानूभाऊ अंगणाला दोन फेऱ्या मारून आला. "बसतो," म्हणाला. "तुझी आण घेतो. पण एक हाय. पंगतीला येसरच होणार."

"बाबा!"

"तू सोनाळ्याला जायलीस, पोरी. तिथं जन्मभर तुला 'पिठाच्या पाण्याची' म्हणतील. माझ्या मायचं येसर तसं नव्हतं. एकदा त्यांच्या तोंडात नीट पडू दे, मग त्यांनी नावं ठेवली तरी चालंल."

कांचनने विचारलं, "कोन करन? तुम्ही त बसान."

"गजू."

तिने कपाळावर हात मारला. मीही मारला.

पुढचे दिवस भानूभाऊने गजूला येसराच्या ओवीवर असा घासला की तशी माझी पातेली घासली असती तर आरशाऐवजी विकता आली असती. तरी लय बसेना. शेवटी त्याने गजूला मोटारसायकलवर घालून बुलडाण्याच्या घाटाच्या पायथ्याशी नेऊन सोडलं. "आता चालत चढ आन् चढता चढता म्हण. जिथं दम लागंल तिथं थांब. ते थांबणं म्हंजे माझ्या मायची लय." स्वतः मोटारसायकलने वर जाऊन वाट बघत राहिला. गजू वर पोचला तेव्हा घामाने निथळत होता आणि ओवी म्हणे अशी संथ म्हणाला की भानूभाऊने त्याला मिठी मारली. गजूने खरी हकिकत मला नंतर सांगितली. पहिल्याच वळणावर त्याला कडब्याचा टेम्पो मिळाला होता. वरच्या वळणाअलीकडे उतरून त्याने बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं होतं.

लग्नाचा दिवस उजाडला. उन्हाचं विचाराल तर माझ्या मंडपाचा निळा पडदा दुपारपर्यंत पांढरा झाला होता. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या, एकीवर सोनाळ्याचे व्याही, दुसरीवर भानूभाऊ. फेटा बांधलेला, हात मांडीवर, गुडघे एकमेकांना चिकटवलेले, जणू खाली कुणी खिळे ठोकलेत. व्याहीभेट झाली. व्याह्यांनी हात पसरले, भानूभाऊ त्यांत शिरला, टाळ्या पडल्या, आणि व्याह्यांनी मग त्याचा पंजा हातात धरला तो सोडलाच नाही. एकदा पळालेला माणूस, त्यांचंही बरोबर होतं. गावातली माणसं लांबून बघून जात होती. "घाटावरचा बसला!" ही बातमी स्टेशनापर्यंत गेली होती.

मी स्टेजच्या बाजूला माईकपाशी. अंतरपाट धरला गेला, इकडे नवरदेव, तिकडे कांचन. लोकांच्या मुठीत अक्षता. गुरुजींनी पहिलं मंगलाष्टक म्हटलं, आणि त्याच वेळी मागच्या कनातीआडून गजूची ओवी ऐकू आली. येसर चढलं होतं. आमचा अंदाज पक्का होता. मंगलाष्टकं, हार, फोटो, तेवढ्यात आमटी होणार आणि पंगत बसणार. आणि गजू चक्क संथ म्हणत होता! थांबत, दम खात. भानूभाऊचे खांदे जरा खाली आले.

तेवढ्यात मालगाडी आली.

आमच्या गावात मालगाडी म्हणजे पाहुणी नव्हे, घरचीच. तिच्या आवाजात आम्ही बोलणं थांबवत नाही, फक्त मोठ्याने बोलतो. पण गजूचं रक्त नांदुऱ्याचं. रुळांचा खडखडाट सुरू झाला आणि दोन डब्यांनंतर गजूची ओवी त्या खडखडाटाला जुळली. 'दम लागू दे' म्हणता म्हणता त्याचा दम पार अकोल्याकडे निघाला. गाडी लांबलचक होती, आणि गजू तिच्याबरोबर कडव्यामागून कडवी ओलांडत चालला होता.

मी भानूभाऊकडे बघितलं. चेहरा कणकेसारखा पांढरा. पाय खुर्चीखाली चालू पडलेले. पंजा व्याह्यांच्या हातात. उठला तर लेकीची आण मोडते, पुन्हा 'व्याही पयाला'. बसला तर आणखी दोन मिनिटांत गजू कढई उतरवणार, आणि पंगतीत पुन्हा पिठाचं पाणी. तो एकदा कनातीकडे बघायचा, एकदा अंतरपाटाकडे. माणूस जागच्या जागी दोन गावांना पळत होता.

मग त्याने मोकळा हात माझ्याकडे केला. "बिछायत!" मंडप-भांड्यांचा माझा धंदा म्हणजे बिछायत, म्हणून मला तो याच नावाने हाक मारायचा. "माईक दे इकडं. पोरीच्या बापाला मंगलाष्टक म्हणायचंय."

याला कोण नाही म्हणणार? आपल्याकडे मंगलाष्टक म्हणायचा हक्क आत्या, मावशी, शेजारी, कुणालाही असतो. मी माईकची वायर ताणून त्याच्यापर्यंत नेली. त्याने गळा साफ केला आणि बसल्या जागेवरून, माझ्या चारही भोंग्यांतून सुरू केलं:

घाट चढते चढते, बाई, दम लागू दे…

अशी संथ, की पहिल्या ओळीत मालगाडीचा शेवटचा डबा गेला आणि दुसऱ्या ओळीत तिचा आवाजही विरला. कनातीमागे गजूची ओवी अडखळली, थांबली, आणि मग खालमानेने भोंग्याच्या मागे मागे चालू लागली. भानूभाऊ कडवं संपवायचा, 'शुभमंगल' म्हणायचा, लोक अक्षतांचा हात उचलायचे, आणि तो 'सावधान' न म्हणता पुढचं कडवं धरायचा. हात पुन्हा खाली.

गुरुजी वाकून म्हणाले, "भानुदासराव, हे कोणत्या वृत्तात आहे?"

माईक तोंडापासून बाजूला करून तो म्हणाला, "येसराच्या," आणि पुढे गाऊ लागला.

मंडप चुळबुळायला लागला. लोकांच्या मुठींतल्या अक्षता घामाने भिजून चिकटल्या. मागून कुणी ओरडलं, "अबे टाका ना आता, इथीच भात होऊन राह्यला हातात!" व्याही टॉवेलने वारा घेत म्हणाले, "व्याही, गोड हाय तुमचं, पन पोटात कावळे वरडून राह्यले." भानूभाऊने मान डोलावली आणि आणखी दम खाल्ला. घाटावरून आलेल्या त्याच्या दोन-तीन म्हाताऱ्या चुलत्यांना ओवी ओळखीची निघाली. त्यांनी पदर सावरत मागून सूर धरला. गुरुजी घड्याळाकडे बोट दाखवू लागले. मुहूर्त टळत होता.

शेवटी गुरुजींचा चेहरा बघून भानूभाऊचा धीर सुटला. त्याने कडवं पुरं केलं, डोळे मिटले, आणि 'शुभमंगल सा—' इथपर्यंत आला.

अंतरपाटाआडून कांचनचा आवाज आला. हळू, पण गुरुजींपुढचा दुसरा माईक चालूच होता, तेव्हा गावाने ऐकलं.

"बाबा, कच्चं हाय अजून. आनखी एक म्हना."

मग अंतरपाटाच्या या बाजूने नवरदेव म्हणाला, "म्हना, बाबा. मले काही घाई नाही."

भानूभाऊने तोंड उघडलं आणि थांबला. मला कळलं काय झालं ते. आईची ओवी संपली होती. ती जिथे संपते तिथे आमटी होते, पण मालगाडीने खाल्लेली कडवी भरून काढायला आणखी एक हवं होतं, आणि ते तिने शिकवलं नव्हतं. तो अंतरपाटाकडे बघत राहिला. मग अगदी साध्या आवाजात, जणू घरी चुलीपाशी बसलाय तसा, गायला:

घाट उतरून आले, माझं दळण संपलं
लेकी, तुझ्या नावाचं आता जातं मांडलं

दुसरी ओळ त्याला दोनदा म्हणावी लागली. आणि दुसऱ्यांदा म्हणत असताना कनातीमागून तो वास आला. आधी पुढच्या रांगेत, मग मागे, मग रस्त्यावर. लोकांनी माना वळवल्या. व्याह्यांचा टॉवेल हवेत थांबला.

"सावधान," भानूभाऊ म्हणाला, आणि चिकटलेल्या अक्षता दोघांच्या डोक्यावर ढेकळासारख्या पडल्या.

पंगतीत व्याह्यांनी येसराचा भुरका घेतला तेव्हा मी वाढप्यांच्या मागे उभा होतो. त्यांनी वाटी खाली ठेवली. मिशा पुसल्या. "पातयच हाय," म्हणाले, म्हणजे पातळच. मग वाटी पुढे केली. "वाढा." नंतर किती वाट्या झाल्या हे मी सांगितलं तर तुम्ही मला थापाड्या म्हणाल, म्हणून सांगत नाही. फक्त एवढंच, की जाताना त्यांना गाडीत बसवायला दोन माणसं लागली आणि त्यांतला एक गजू होता.

लेक निघाली तेव्हा भानूभाऊ वेशीपर्यंत गाडीच्या मागे चालत गेला. कांचनने काच खाली करून सांगितलं, "आता हिंडा, बाबा. आता कोनी काही म्हनत नाही." तो हसला. पण पुढचे कित्येक दिवस त्याचं हिंडणं बघवत नव्हतं. पळी खिशात, कामाला कुठे जायचं ठाऊक नाही, माझ्या गोडाउनात येऊन पातेल्यांपुढे उभा राहायचा आणि एकही न वाजवता निघून जायचा.

पोळ्याच्या सुमारास असाच आलेला असताना त्याचा फोन वाजला. कांचन होती. सासऱ्यांनी पाहुणे बोलावले होते, येसर खायला, आणि पहिल्यांदाच ती एकटीने करत होती. "फोन चुलीपाशी ठेवते, बाबा. मी म्हनते, तुम्ही आयका. चुकलं त सांगा."

त्याने फोन मोठ्याने लावून पातेल्यावर ठेवला. कढईचा खदखद आवाज येत होता आणि त्यावर तिचा आवाज, घाट चढते चढते. दोन ओळी ऐकल्या आणि मलाही कळलं की ही लय त्याची नव्हती. गजूचीही नव्हती. त्याच्याहून जरा उचललेली, आणि जिथे तो दम खायचा तिथे ती खात नव्हती, दुसरीकडेच कुठेतरी खात होती.

भानूभाऊ फेऱ्या मारू लागला. हात वर जायचा, बोट उठायचं, पुन्हा खाली यायचं.

"सांगा ना तिले," मी कुजबुजलो. "धावून राह्यली पोरगी."

"तू गप रे, बिछायत."

शेवटचं कडवं आलं, लग्नातलं, त्याने बसल्या जागी रचलेलं. तिने तेही म्हटलं, तिच्याच चालीने. मग नुसती खदखद राहिली.

"बाबा? झालं का हो? उतरवू?"

तो फोनजवळ गेला. दोन्ही हात पातेल्याच्या काठावर ठेवून वाकला.

"मला काय इचारतीस, बाई? वास तुझ्याकडं येयलाय का माझ्याकडं?"